फीडर रोडने जाणारी पद्मजा

शुगर लँड या उपनगरात कुणाकडे साडेसातची आरती असली तर पद्मजा राजवाडे घरातून सहालाच निघायची. अंतर खरं तर पंचवीस मिनिटांचं. पण ह्यूस्टनच्या हायवेवर आभाळात चढणारे फ्लायओव्हर आहेत, आणि ती ते सगळे टाळून खालून हायवेला समांतर जाणाऱ्या फीडर रोडने, सिग्नलमागून सिग्नल घेत जायची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने सत्तावीस वर्षं रक्ताच्या स्लाइड्स तपासल्या, त्याही रोज याच रस्त्याने जाऊन-येऊन.

याचं मूळ फार जुनं होतं. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी ती एका पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. शेजारून अवजड ट्रक गेला आणि गाडीखालचा पूल थरथरला. पूल असे हलतातच, हलले नाहीत तर तुटतील, हे तिच्या नवऱ्याने, उल्हासने, कागदावर चित्र काढून समजावलं. तो इंजिनिअर. तिला ते पटलंही. पण त्या दिवसानंतर तिने एकाही पुलावर स्वतः गाडी घातली नाही.

भारतातून कुणी आलं की समुद्र दाखवायचं काम उल्हासचं. पोर्ट अरान्सस हे बेटावरचं छोटं गाव त्याच्या आवडीचं. गाडीसकट फेरीबोटीतून पलीकडे जायचं, वाटेत डॉल्फिन शोधायचे, मासे पकडणाऱ्यांच्या लांब धक्क्यावर फिरायचं, मग पाणथळीवरच्या लाकडी वाटेवरून पक्षी आणि मगरी बघायच्या. परतताना दुसऱ्या बाजूचा, खाडीवरचा पूल. पद्मजा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायची आणि पूल संपला की पाहुण्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या द्यायची.

गेल्या ऑक्टोबरात उल्हासची थोरली बहीण अहिल्याताई नागपूरहून आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण दोन दिवसांतच घरात बसून कंटाळलेली. शनिवारी तिघं निघाले. दुपारी त्या लाकडी वाटेवर अहिल्याताई मगर दिसते का म्हणून कठड्यावरून वाकली होती, आणि उल्हास तोंडासमोर हात हलवत होता.

"काय माशा आहेत इथे!" तो म्हणाला.

पद्मजाने आजूबाजूला पाहिलं. एकही माशी नव्हती.

"अहो, कुठे आहेत माशा?"

त्याने उजवा डोळा हाताने झाकला आणि तसाच उभा राहिला. "पद्मा," तो हळूच म्हणाला, "डाव्या डोळ्यात खालून काहीतरी काळं वर चढतंय."

शुगर लँडचा त्यांचा जुना मित्र सुमंत डोळ्यांचा डॉक्टर. तिने तिथूनच फोन लावला. सुमंतने चार प्रश्न विचारले आणि त्याचा आवाज बदलला.

"डोळ्याचा पडदा, रेटिना, सुटतोय बहुतेक. मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. त्याला ड्राइव्ह करू देऊ नका."

"ॲम्ब्युलन्स बोलावू?"

"ती आधी जवळच्या इमर्जन्सीत नेईल, तिथे डोळ्याचा सर्जन नसेल. जवळच्या कॉर्पस ख्रिस्ती शहरात माझ्या ओळखीचा आहे, त्याला आत्ता फोन करतो. सरळ तिकडे जा. वेळ घालवू नका."

फेरीबोटीसमोर शनिवारची दीड तासाची रांग होती. राहिला पुलाचा रस्ता. उल्हासने किल्ली तिच्या हातात ठेवली. तो मान मागे टेकून, डोळे मिटून बसला. सुमंतने त्याला डोकं हलवू नको म्हणून बजावलं होतं.

बेटावरचा रस्ता सरळ होता. वाळूच्या टेकड्या, मधूनच एखादं उंच हॉटेल. तिचे तळवे इतके घामेजले की ती एकेक हात ओढणीला पुसत होती. मग एक वळण घेतलं आणि समोर पूल दिसला. रस्ता वर वर चढत गेला होता आणि जिथे संपल्यासारखा वाटत होता तिथे फक्त आभाळ होतं.

चढावर तिचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटत गेला. गाडी हळू झाली, आणखी हळू. मागे बोट ओढणाऱ्या पिकअपने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. बाजूच्या कठड्याखाली पाणी चमकत होतं. ते बघायचं नाही असं ठरवूनही तिला तेच दिसत होतं. थांबावं, दार उघडावं, रस्त्यावर आडवं पडावं, असं तिला अगदी खरोखर वाटलं.

"अगं बाई!" मागून अहिल्याताई म्हणाली, "केवढे पक्षी! आपल्या खिडकीशी आलेत बघ!"

"ताई, गप्प बसा!" पद्मजा किंचाळली.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, नणंदेशी ती कधी वर आवाजात बोलली नव्हती. तिने दात आवळून पाय खाली दाबला. माथ्यावर गाडी पोचली तेव्हा खालून काहीतरी हललं, तिने ते ओळखलं, आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. उल्हासने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "संपला का?"

"नाही," ती म्हणाली. "बोलू नका."

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तिला गाडीतून उतरता येईना. अहिल्याताईने तिच्या दंडाला धरून तिला बाहेर काढलं आणि म्हणाली, "रागावले नाही गं मी. चल."

ऑपरेशन संध्याकाळी झालं. डोळा वाचला, पण त्या डोळ्याला दाराची चौकट अजून जराशी वाकडी दिसते. पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलेला असल्यामुळे उल्हासला आठवडाभर तोंड खाली करून झोपायचं होतं, म्हणून त्यांनी हॉस्पिटलजवळच मोटेलची खोली घेतली. त्याचा चेहरा दिसावा म्हणून पद्मजा पलंगाशेजारी गालिच्यावर आडवी पडायची.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पूल पार केलास तू. आता गेली असेल भीती."

"नाही गेली," ती म्हणाली. "काल स्वप्नातही होता."

त्याच्या नाकाच्या टोकाला घाम आला होता.

"मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "दुसऱ्या डोळ्याची."

तिने हात वर करून त्याचं नाक पुसलं आणि तशीच खाली पडून राहिली.