एक काडीही मध्ये नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि अविनाशजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही दिसत नाही.

अविनाश माझा कॉलेजपासूनचा मित्र. खडकीच्या कारखान्यात नोकरी, धायरीत फ्लॅट, आणि थंडी पडली की आम्हा दोघांना एकच वेड. बाकीचे पुणेकर हुरडा खायला बाहेर पडतात. आम्ही पहाटे कॅमेरे घेऊन सासवडच्या पुढच्या माळावर. वाळलेलं पिवळं गवत, सखल भागात साचलेलं धुकं, ऊन वर येईपर्यंत सगळं गप्प. पाहुण्यांना फोटो दाखवले की ते विचारायचे, "छान आहे, पण यात आहे काय?" यात लांडगा असायचा. कधीतरी. आता ते उरलेतच किती?

अविनाशची एक खोड इथेच सांगून ठेवतो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी गावातली कुत्री असत. त्यांच्यासाठी तो न चुकता बिस्किटांचे पुडे न्यायचा. आमची गाडी दिसली की ती शेपट्या हलवत मागे धावायची. मी त्याला चिडवायचो — लांडगे तुला भाव देत नाहीत, कुत्री तरी देतात.

त्या हिवाळ्यात लांडगिणीचं बीळ त्यालाच सापडलं. ओढ्याच्या काठात, तरवडाच्या झुडपाआड. आत पिल्लं होती. त्याने ही जागा फक्त मला दाखवली, आणि दोन अटी घातल्या. गाडीतून खाली उतरायचं नाही. एकट्याने यायचं नाही. मी अगदी मनापासून हो म्हणालो. मनापासूनच म्हणालो होतो — त्याचा आता काय उपयोग?

गाडीतून पिल्लं दिसायची, पण दर वेळी मध्ये काहीतरी यायचं. तरवडाची फांदी, गवताचं पातं. पिल्लू बिळाच्या तोंडाशी येऊन बसायचं आणि नेमकी एक काडी त्याच्या डोळ्यावरून आडवी जायची. तुम्ही फोटो काढत असाल तर तुम्हाला कळेल त्या काडीने माणूस किती पिसाळतो. नसाल काढत तर नाही कळणार, आणि नाही कळलं तरी काही बिघडत नाही.

मग एके दिवशी अविनाशची ड्यूटी होती, आणि मी एकटा गेलो. लांडगीण शिकारीला गेलेली दिसली. मी खाली उतरलो. खिशात बायकोची गच्चीवरच्या कुंड्यांसाठीची कात्री होती — म्हणजे घरून निघतानाच ठरलं होतं, हेही लिहायला हवं. बिळासमोरचं झुडूप छाटलं, गवत कापलं, परत गाडीत येऊन बसलो. थोड्या वेळाने पिल्लू बाहेर आलं. कोवळं ऊन, मागे धुकं, आणि ते सरळ माझ्याकडे बघत होतं. तसा फोटो मला पुन्हा कधी मिळाला नाही.

झुडूप होतं तोवर रस्त्यावरून बीळ दिसत नव्हतं. आता दिसत होतं. मला ते निघतानाच दिसलं. तरी मी निघालो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो तेव्हा बिळाचं तोंड उकरलेलं होतं. सगळीकडे कुत्र्यांच्या पावलांचे ठसे. पिल्लांचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. अविनाश पहिल्यांदाच गाडीतून उतरला आणि तिथेच मटकन खाली बसला. छाटलेल्या झुडपाचे खुंट तेवढे जमिनीतून वर आलेले होते. मी त्यांच्यावर पाय ठेवून उभा राहिलो.

तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं रे. बिस्किटांच्या आशेने कुत्री गाडीमागे इथवर आली असणार."

आणि मी म्हणालो, "असेल."

फांद्या छाटल्या ती हाव होती. ती लोक समजून तरी घेतात. पण तो समोर बसून रडत होता, खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मी त्याच्या गळ्यात ते ओझं अडकवून मोकळा झालो. खरं तर मोकळा तरी कुठे झालो?

त्याने कॅमेरा कपाटात ठेवला, तो ठेवलाच. कुत्र्यांना खायला घालणंही बंद. सोसायटीतलं कुत्रं जवळ आलं की तो हात मागे घेतो. वहिनी म्हणाल्या, यांना काय झालंय कळत नाही, तुम्हीच बोलून बघा. मी बोललो की. क्रिकेटवर बोललो.

माझा तो फोटो, आम्ही दोघं गेलो होतो तेव्हाचाच समजून, त्याने मागून घेतला होता. "एक काडीही मध्ये नाही, नशीबवान आहेस," एवढंच म्हणाला, आणि फ्रेम करून हॉलमध्ये लावला. तेव्हापासून मी त्याच्याकडे गेलो की भिंतीकडे पाठ करून बसतो. दर वेळी ठरवून जातो, आज सांगायचं. चहा होतो, पोहे होतात, तो मला लिफ्टपर्यंत सोडायला येतो.

गेल्या रविवारी गेलो तर भिंतीवर नुसता खिळा होता. मला वाटलं, कळलं याला. आणि खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला बघवत नाही तो फोटो, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. काढून टाकला. चूक माझी, आणि त्रास तुला कशाला?"

मी त्या दिवशी खिळ्याकडे तोंड करून बसलो. पोहे खाल्ले. घरी आलो.