मूठ सोडा, मावशी

स्कूटीची सीट ती आधी पदरानं पुसायची, मग पदर कमरेला खोचायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "लई भ्या वाटतंय मॅडम. चला, बसू."

भीती वाटणारी माणसं तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहतो. ती बहुधा 'उद्या बघू' म्हणून घरी जातात. ही बसायची.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि तिकडं बायपासला इमारतींवर इमारती चढत होत्या. मी शाळेतली कायम कारकुनी सोडून बायकांना स्कूटी शिकवायचा क्लास काढला होता. पाटी लावून तीन आठवडे झाले, एक बाई फिरकली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले होते, "महिनाअखेरपर्यंत जागा भरत नाही. विचार करा." माझा विचार झाला होता. मला नोकरीवर परत घ्यावं, असा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता.

त्याच आठवड्यात ही आली. पन्नाशीची, नऊवारीतली, पाचोडकडची. मोसंबीची बाग वाळली, बैल विकले, तेव्हा नवऱ्याला गावी ठेवून बहिणीकडं आलेली. चार घरची धुणीभांडी करायची.

"बायांला गाडी शिकीवता म्हणं?"

"हो."

"आधी किती जणींला शिकीवलं?"

खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "एकीलाही नाही."

"मग बरंय. दोघी बी नव्याच."

बांधकामावरच्या मजुरांना दुपारची भाकरी पोचवायची, हा तिचा बेत. नवरा फोनवर ओरडायचा, "ह्या वयात गाडी? हातपाय मोडून घेशील!" ती शांतपणे सांगायची, "मोडले तर माझे मोडतील. तुमी जेवले का?"

पाचव्या दिवशी मैदानात कुत्रं आडवं आलं. जन्मभर बैलगाडी हाकलेली बाई, ती मागं रेलली, कासरा ओढावा तशा दोन्ही मुठी ओढल्या आणि ओरडली, "होऽ! होऽ!" बैल थांबले असते. स्कूटीची मूठ मागं पिळली की ती पळते. कुत्रं वाचलं, मावशी थेट वाळूच्या ढिगात.

मी धावले. मनात म्हटलं, संपला क्लास.

ती वाळूत बसून स्कूटीकडं बघत होती. "वढल्यावर पळती व्हय ही? आमचे बैल लई शहाणे होते बाई." हात झटकले आणि उठली. "चला, बसू."

त्या दिवसापासून मी 'थांबा' म्हणणं सोडलं. "मूठ सोडा, मावशी," असं ओरडायला लागले. खेड्यातून आलेल्या प्रत्येक बाईला आजही मी आधी मूठ सोडायला शिकवते, मग चालवायला.

त्याच दुपारी मुख्याध्यापकांना फोन केला. "सर, जागा भरून टाका."

लायसन मिळालं त्या सकाळी ती आली ती तीन बायका घेऊन. "बहिणीच्या गल्लीतल्या हायेत. घरी सांगितलं नाय त्यांनी. तुमी बी सांगू नका." हप्त्यावर घेतलेल्या जुन्या स्कूटीला मागं भाकरीचा डबा बांधलेला होता. अकराच्या आत बायपासला पोचायचं म्हणून ती लगेच वळली.

दोन वर्षांनी पाऊस बरा झाला आणि ती गावी परतली, असं तिची बहीण म्हणाली. त्या अर्जाचं मी तिला सांगितलंच नाही. त्या सकाळी निदान आभार मानायचे होते, पण तिघींतली पहिली स्कूटीवर चढली होती आणि मला हँडल धरणं भाग होतं.