बिनआवाजाचा कीबोर्ड

आमच्या घरात वस्तू वाजवून घेतात. भंडाऱ्यात माझ्या सासऱ्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर आणि वर माडीवर एक खोली. गिऱ्हाईक आलं की मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाणी भरायचा पितळी गुंड उचलतात, बोटाच्या पेरानं टणकन वाजवतात आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी धरतात. नाद लांबला तर माल खरा. बद्द वाजला तर भांडं मोडीच्या ढिगात. नवी सून म्हणून आले तेव्हा मला या प्रकाराचं फार कौतुक वाटलं होतं.

माडीवरच्या खोलीत मी काम करते. एका कंपनीकडून बैठकांची, भाषणांची, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं येतात. ती हेडफोनवर ऐकायची आणि मराठीत टाइप करून द्यायची. माझं माहेर आसगावकडचं, धानाचं. तिथे बाईनं दिवसभर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून रोवणी केली की संध्याकाळी हिरवी बांधी सगळ्या गावाला दिसते. माझ्या कामाचं तसं काहीच दिसत नाही. पाठवलं की संपलं.

दिवसभर टाइप करून बोटं ठणकायला लागली तेव्हा मी पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. त्यात प्रत्येक बटणाखाली बोराएवढा वेगळा स्विच असतो. चिमट्यानं तो उपटायचा आणि दुसऱ्या जातीचा बसवायचा. वरची टोपी, कीकॅप, तीही बदलता येते आणि सगळे स्विच ज्या पत्र्यात रोवलेले असतात ती प्लेटसुद्धा. एकदा हे कळलं की माणूस कामातून गेलाच. मी गेले. मोबाइलवर अशाच वेड्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे लोक आपापल्या कीबोर्डचा आवाज रेकॉर्ड करून टाकतात आणि बाकीचे त्यावर तासभर वाद घालतात. मामाजी त्या ग्रुपमध्ये असते तर सगळ्यांना पुरून उरले असते.

माझे पहिले स्विच क्लिकवाले होते, दाबला की टक वाजणारे. प्लेट पितळेची. पत्रा मामाजींनीच काढून दिला होता, आणि नागपूरहून कापून आणल्यावर त्यांनी ती पेरानं वाजवून पाहिली होती. "नाद चांगला हाय," म्हणाले. घरात या छंदाला मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी.

तो नाद जमिनीतून थेट खाली सासूबाईंच्या उशाशी जायचा. "काय वो, दिवसभर टकटक टकटक. माही दुपारची झोप उडवली तुनं," त्या म्हणायच्या. नवरा म्हणाला, "जरा हळू टाइप करत जा ना." जणू मी रागानं बडवत होते.

मग मी आवाज कमी करायच्या मागे लागले. आधी क्लिक नसलेले, नुसता हलका अडथळा लागणारे स्विच घेतले. तरी खाली ऐकू जायचं. मग सरळ खाली जाणारे. प्रत्येक स्विच उघडून आत बारीक कुंचल्यानं ग्रीस लावलं. सगळं घर दुपारी झोपायचं तेव्हा मी जमिनीवर पेपर पसरून हेच करत बसायची. बोर्डाखाली फोम घातला. पितळी प्लेट काढून प्लास्टिकची बसवली. जाड कीकॅप मागवल्या. दर पार्सलला नवरा विचारायचा, "आलं का तुह्यं खेळणं?" शेवटी रबराच्या टेकूंवर बसणारा नवा बोर्ड आणि दोन्ही टोकांना रबर असलेले मुके स्विच आले. ते सगळं जुळवून मी टाइप केलं आणि मलाच शंका आली की अक्षरं उमटतायत की नाही.

रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. त्यात फक्त पंख्याचा आवाज होता. चांगल्या चांगल्यांनी विचारलं, कसं केलं. मी खरंच खूष होते. सासूबाईंची झोपमोड नाही, माझी बोटं सुखात आणि काम आधीपेक्षा जास्त, कारण माझाच आवाज माझ्या कानात येईना. ते महिने मी इतकं नीट काम केलं की कंपनीनं अवघड ध्वनिमुद्रणं खास माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली.

मग दिराचं लग्न ठरलं. सगळे जेवायला बसलो होतो. नव्या जोडप्याला खोली कुठली, यावर बोलणं चाललं होतं. सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "वरची देऊन टाकू. तशीबी ते कामाची नाही रायली."

"आई, मी तिथं काम करते," मी म्हटलं.

"आता कुठी हाय काम? पहिले दिवसभर वाजत रायहे. आता किती दिवस झाले, चूपचाप हाय. मोबाइलच पाहत असशीन वर."

"तुमची झोप मोडू नये म्हणून मी आवाज बंद केला."

"काम करून राहिली तर आवाज काहून नाही येत मंग?"

मी समजावलं. स्विच, रबर, फोम, सगळं. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मामाजींकडे पाहिलं. एखादं भांडं बद्द वाजल्यावर ते जसे बघतात तसे माझ्याकडे बघत होते. "वर येऊन पाहा ना," मी म्हटलं. जिना चढायला कोणी उठलं नाही.

नवरा खाली मान घालून भात कालवत होता. नंतर मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "मलेही वाटलं, काम कमी झालं तुह्यं. तू तर काही बोलली नाही." दिवसातून दोनदा हा माणूस चार्जर शोधायला वर यायचा. मी समोर बसलेली असायची, कानाला हेडफोन, पडद्यावर अर्धवट वाक्य. घराचं वीजबिल माझ्याच मोबाइलवरून भरलं जात होतं. सासूबाईंचा मला राग आला, पण त्याचं जे लागलं ते अजून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना बोर्ड काढला. पितळी प्लेट पलंगाखाली ठेवली होती, ती मिळेना. ती दुकानात मोडीच्या ढिगात निघाली, एक कोपरा वाकलेला. ठोकून सरळ केली. क्लिकवाले स्विच एकेक करून बसवले, फोम फेकून दिला आणि बोर्ड टेबलावरून उचलून सरळ जमिनीवर, सासूबाईंच्या पलंगाच्या बरोबर वर ठेवून वाजवायला बसले.

आठवडा गेला नसेल. शेजारीण आली तेव्हा सासूबाई तिला सांगत होत्या, "हळू बोल वो, सून काम करून राहिली. बंद झालं होतं मधात, आता चालू झालं." दिराला दुकानामागची खोली मिळाली. खोली माझ्याकडेच राहिली. झोपेबद्दल कोणी काही म्हणालं नाही. झालेल्या बोलण्याबद्दलही कोणी काही म्हणालं नाही, कारण काही झालं होतं असं कोणाला वाटतच नव्हतं.

अडचण एवढीच, की त्या टकटकाटात काम होत नाही. हेडफोनमधून तो आत शिरतो, शब्द निसटतात, बोटं पुन्हा ठणकतात. म्हणून काम मी मुक्या बोर्डावर करते. ते झालं की तो बाजूला सरकवते आणि पितळेचा पुढे घेते.

काल दुपारी एक लांबलचक मुलाखत संपवली. त्या बाईचा एक हुंदकासुद्धा मी जिथल्या तिथे नोंदवला होता. पाठवून दिली आणि वाजवायला बसले. खाली टीव्हीचा आवाज बारीक झाला. थोड्या वेळानं जिन्याशी सासूबाईंची हाक आली, "लय काम हाय का वो आज? चहा पाठवू वर?"

"हो, पाठवा," मी म्हटलं.

मुक्या बोर्डावर होते तेवढे महिने वर कधी चहा आला नव्हता. कप घेऊन नवरा आला, टेबलावर ठेवला, जपून मागं सरला आणि दार हळूच ओढून गेला. पडद्यावर दोन पानं भरली होती. त्यात वाचता येईल असा एकही शब्द नव्हता, आणि त्यानं पाहिलंही नाही.