दहावा उल्लेख

खुर्चीत बसण्याआधी तो टेबलावर तळहात ठेवायचा, टेबल थरथरतंय का ते बघायला. फ्रिज सुरू झाला की बोलणं थांबवायचा आणि बंद झाला की त्याच शब्दापासून पुढे बोलायचा. पेन्सिल कानामागे ठेवून घरभर शोधायचा. सकाळी दात घासायच्या आधी कॉम्प्युटर उघडून एक आकडा बघायचा.

"आज किती?" वहिनी आतून विचारायची.

"नऊ."

"काल?"

"नऊच."

"मग दात घास."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. साहित्यात एम.ए. झालेली, बेकार. त्याला दादा म्हणायचे. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एकदा त्याने समजावलं. फार दूरवर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात लाट उठते. इथे पोचेपर्यंत ती अणूपेक्षाही बारीक होते. ती पकडायचं यंत्र इतकं हळवं, की रस्त्यावरून ट्रक गेला तरी दचकतं. दादाचं काम ट्रक ओळखायचं. "लाट कोणती नाही, ते मी सांगतो," तो म्हणायचा.

लाटेवरचे मोठे शोधनिबंध हजार-हजार जणांच्या नावाने निघत. नावं अक्षरांच्या क्रमाने. सगळ्यात गाजलेल्या निबंधात दादा सातशे त्रेचाळिसावा होता. जगभरच्या लोकांनी आपापल्या लेखनात त्या निबंधाचा चौदा हजार वेळा उल्लेख केला होता. मेहुण्याने तो चाळला आणि विचारलं, "भावजी, हा निबंध आहे की मतदार यादी?"

सगळ्यात मोठ्याने दादाच हसला.

त्याच्या एकट्याच्या नावाचा निबंध एकच. यंत्राच्या नोंदीत अधूनमधून एक ओरखडा उठायचा. दोन वर्षं खपून दादाने दाखवलं, की तो शेजारच्या इमारतीतल्या पाण्याच्या पंपामुळे उठतो. या निबंधाचे उल्लेख नऊ. सकाळचा आकडा तो.

बारा वर्षं तो कंत्राटावर होता. कायमच्या जागेसाठी ही शेवटची मुलाखत. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता. विभागप्रमुख म्हणाले होते, "हजार जणांचं बाजूला ठेवा. तुमच्या स्वतःच्या निबंधाचे दहा उल्लेख लागतात. दुसऱ्यांनी केलेले."

मुलाखतीच्या आठ दिवस आधी आकडा दहा झाला. दादा अनवाणी जिना चढून माझ्या दारात आला. बोलता येईना म्हणून त्याने दोन्ही हातांची बोटं दाखवली.

दुपारी त्याने तो दहावा उल्लेख उघडून वाचला. लिहिणाऱ्या बाईंनी पंपाच्या दुरुस्तीची वही मागवली होती. दादाने ज्या दोन महिन्यांच्या नोंदी पुरावा म्हणून दिल्या होत्या, त्यांत पंप बंद होता. दादाचा निष्कर्ष चुकीचा आहे, एवढंच त्यांनी म्हटलं होतं.

त्या इमारतीच्या रखवालदाराने पाठवलेल्या, पंपाच्या वेळापत्रकाच्या फोटोवर दादा विसंबला होता. फ्रिजसाठी बोलणं थांबवणारा माणूस पंप ऐकायला गेलाच नव्हता.

विभागप्रमुखांना गंमत वाटली. "शिवी दिली तरी उल्लेख तो उल्लेख. दहा झाले ना? मग गप्प बसा."

दादा वही बघून आला. खरं होतं. निबंध मागे घ्यायचा तर तो छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवायला हवं होतं. पण मागे घेतलेल्या निबंधाचे उल्लेख धरत नाहीत.

"तूच सांग," तो मला म्हणाला. "पत्र आज पाठवू की मुलाखतीनंतर?"

"आधी जागा पदरात पाडून घे, दादा. माफी कुठे पळून जातेय?"

वहिनी चहा गाळत होती.

मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने दहावा उल्लेख वाचलेला होता.

"चूक कधी कळली तुम्हाला?"

"आठ दिवसांपूर्वी."

"मग निबंध मागे का नाही घेतला?"

"नोकरीसाठी," दादा म्हणाला.

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत राहिले. जागा दुसऱ्याला गेली. त्याचे अकरा होते. हे सगळं दादाने मला सांगितलं, मध्ये दोनदा फ्रिज बंद व्हायची वाट बघत. माझ्या सल्ल्यावरून मला तो एक शब्दही बोलला नाही. बोलायला हवा होता.

चौथ्या सकाळी तो पत्र लिहायला बसला. वहिनी चहाला बोलवायला गेली, तेव्हा डोकं टेबलावर होतं. तळहातही. हृदय, डॉक्टर म्हणाले.

मी नियतकालिकाला लिहिलं. उत्तर आलं, की लेखकाच्या सहीशिवाय निबंध मागे घेता येत नाही. आता नव्या मुलांना कशी चूक करू नये ते शिकवताना तो निबंध उदाहरण म्हणून देतात. जो तो उल्लेख करतो.

"आज किती?" वहिनी मला विचारते.

"एकसष्ट."

ती पातेलं घासत राहते.

पत्र माझ्याकडे आहे. भाषा तपासायला तो ते मलाच देणार होता. पेन्सिलीने लिहिलंय: "माझ्या निबंधातला निष्कर्ष चुकीचा आहे. हे मला आधीच कळलं होतं, पण"