पाखराचं पुरं गणित

"अर्धा सांगू नको. सांगूचा तर पुरा सांग." असं म्हणत काका चष्मा कपाळावर सरकवायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर तोंड उघडण्याआधी आपण दोनदा विचार करतो.

चारकोपला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे देवगडकडचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तीस वर्षं त्यांनी एक्झॉस्ट फॅनची पाती बनवली. रिटायर झाल्यावरही कुणाच्या घरी गेले की आधी वर, पंख्याकडे बघायचे. "पात्याक बाक कमी आसा. नुसतो फिरता, वारो देणा नाय." घरमालक बिचारा चहा घेऊन उभा.

माझी सई तेव्हा पाच वर्षांची होती. पक्षी कसे उडतात, असं तिने मला विचारलं. मी मोबाइलमध्ये होतो. "पंख हलवतात नि उडतात," म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही हातांना टॉवेल बांधले आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवरून उडी मारली. मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टर घालून आलो, तर काका दारातच उभे.

"चेडवाक काय सांगलंस?"

सईला काय सांगितलं होतं, ते मी सांगितलं. ते रागावले नाहीत. सईच्या प्लास्टरवरून हळूच हात फिरवला. ते जास्त लागलं.

रविवारी संध्याकाळी ते पेपरात काहीतरी गुंडाळून आले. कोंबडीच्या पंखाचं हाड होतं, घासून पांढरं केलेलं. "ताटातून उचलून नेलं हो यांनी," मागून काकू म्हणाल्या. काकांनी हाड मोडून सईच्या तळहातावर ठेवलं. आतून पोकळ. "हलका आसा ना? म्हणून उचलता."

मग त्यांनी जमिनीवर कागदाचे कपटे पसरले आणि एक पुठ्ठा जोरात खाली आणला. कपटे पांगले.

"वारो खंय गेलो?"

"खाली."

"मग पाखरू खंय जातला?"

सईने थोडा विचार केला. "वर?"

"वर. वाऱ्याक खाली ढकलता, म्हणून वर जाता. तेका जोर लागता." त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. "कोंबडीच्या छातीक मांस किती? ता तिचा इंजिन. तुझ्या छातीक चपातीएवढा."

सई हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी कधीच उडणार नाही?"

मी मध्ये बोलणार होतो, काहीतरी गोड. काकांनी हाताने थांबवलं. खोकला आला, तो त्यांनी जिरवला. गाळ्यातली धूळ त्यांच्या छातीत बसली होती. एक जिना चढायला त्यांना दोनदा थांबावं लागायचं.

"नाय," ते म्हणाले. "तुका उडूक येवचा नाय. पण कसा उडतत ता तुका कळला. पाखरांक तेवढापण ठाऊक नाय."

सईने नाक पुसलं. थोड्या वेळाने म्हणाली, "कावळ्याला पण नाही?" "कावळ्याक तर बिलकूल नाय." तेव्हा कुठे ती हसली.

त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत ती रोज त्यांच्या दारात बसायची. मीही ऑफिसमधून आलो की जिन्यात टेकायचो. खरं सांगायचं तर मलाही बरंच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांचा श्वास फारच कमी झाला. गावची हवा मानवेल म्हणून मुलाने त्यांना नेलं. ते परत आले नाहीत. तिकडेच गेले, असं काकूंनी फोनवर सांगितलं. आम्हाला ते शेवटचे दिसले ते निघायच्या सकाळी.

गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, काच खाली. सईने खिडकीला धरून विचारलं, "आजोबा, घार तर पंख हलवतच नाही. ती कशी उडते?"

त्यांनी तोंड उघडलं, पण धाप लागली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी सईला मागे घेतलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली, वेग घेऊ लागली आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. पंजा आडवा, सपाट. मग त्यांनी अंगठ्याकडची कड जराशी वर केली. वाऱ्याने हात हळूहळू उचलला गेला, आणि वळण येईपर्यंत तसाच वर राहिला.