विहीणबाईंना नाही म्हणताना

आमच्या विहीणबाईंना तोंडावर नाही म्हणेल असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्मलेला नाही, आणि जन्मलाच, तर बारशालाच त्या त्याला मिरच्यांची देठं खुडायला बसवतील. दारव्ह्याला त्यांचा हळद-तिखटाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याचं शेड, दोन चक्क्या आणि गावातल्या दहा-बारा बाया. पण त्या बोलायला लागल्या की वाटतं, अख्खा देश यांच्याच तिखटावर जेवतो. मी लेकीला भेटायला म्हणून दोन दिवसांसाठी गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमच्यासारखा हात मी कोठंच नाही पाह्यला," आणि दिवाळी तोंडावर आली तरी मी हळद चाळतेच आहे! वजनकाटा विकायला आलेला एक माणूस तर काटा राहिला बाजूला, पिशवीभर तिखट विकत घेऊन गेला.

चेष्टा नाही करत हं. जिनं जन्मात परक्या माणसापुढं मान वर केली नव्हती, अशी बाई आज यवतमाळच्या दुकानदाराशी भावावरून भांडते, ती यांच्याच जोरावर. रोज सकाळी चक्की सुरू व्हायच्या आधी त्या विचारायच्या, "कोणाले काही अडचण हाय का, माय?" पण इतक्या गोड, की अडचण असणाऱ्या बाईलाच लाज वाटावी. सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "नाही, काकू!"

चक्कीवरच्या शोभाला दमा होता. मिरचीच्या धुळीत बसू नको, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ते सांगायला ती आली, तर तिनं तोंड उघडायच्या आत विहीणबाईंनी तिचा हात धरला. "शोभे, तू नसली तं तिखटाले रंग कोठून येईन व?" झालं! शोभानं डोळे पुसले, नाकाला पदर बांधला आणि चक्कीवर जाऊन बसली. दुपारी तिथंच कोसळली. श्वासच येईना.

सरकारी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी जरा बोलायला लागली. विहीणबाई उशाशीच होत्या. "इतका तरास होता तं सांगतलं काहून नाही व?"

"सांगाले तं आलती, काकू. तुम्ही बोलल्या, मंग मलेच वाटलं, काही झालंच नाही मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्की सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला पुढं केलं. "बाई, तुम्ही इचारा. माह्यासमोर ह्या खरं नाही बोलत." आणि बाहेर जाऊन बसल्या. आत मी एकेकीला विचारत गेले. मग एकीची कंबर, दुसरीची रविवारची सुटी, तिसरीचं तान्हं लेकरू, असं काय काय निघालं! बाहेरून आवाज आला, "इतकं?" आतून सगळ्या ओरडल्या, "काकू, तुम्ही ऐकू नका!"

पंधरवड्यानं आम्ही दोघी शोभाच्या घरी गेलो. ती ओट्यावर मशीन मांडून ब्लाउज शिवत होती. विहीणबाईंनी विचारलं, "पाकिटं भराले येशील? चक्कीपासून दूर बसवतो तुले."

"नाही, काकू. धूळ तं तिथंही येते."

मी वाट पाहत होते, आता सुरू होणार. पण त्यांनी चहा घेतला, औषध वेळेवर घेतेस ना विचारलं आणि उठल्या. आटोत बसल्यावर म्हणाल्या, "बाई, वळवता आलं असतं मले तिले."

"मालूम हाय," मी म्हटलं.