शेवटचा आरसा

बोरी अरबच्या बाजारात बंजारा तांड्यातली गंगीबाई आरसे लावलेल्या भरतकामाच्या पिशव्या विकायची, पण पुरी झालेली पिशवी तिच्यापाशी कधीच नसायची. मधल्या एका आरशाची जागा ती मोकळी ठेवायची. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्याशी बोलत बोलत तो आरसा बसवायचा, अशी तिची रीत. "ज्याचं तोंड पाह्यलं नाही, त्याच्यासाठी कायले बसवू?" म्हणायची.

मग सून शीलानं पिशव्यांचे फोटो मोबाइलवर टाकले. पहिली पिशवी पुण्याच्या अर्पितानं मागवली. सवयीनं सासूनं तशीच दिली, सुनेनं तशीच पाठवली. आठवड्यात ती परत आली. सोबत निरोप होता, "मधला आरसा पडलाय."

"पडला? माह्या हातचा आरसा पडत नाही!" गंगीबाई भडकली. "लाव तिले फोन. तोंड दिसते, तो लाव."

शीलानं व्हिडिओ कॉल लावला. अर्पिता आधी बावरली. गंगीबाईनं मोबाइल डब्याला टेकवला, सुई ओवली आणि विचारलं, "जेवली का? भाजी कायची केलती?" आरसा बसेपर्यंत अर्पिताच्या घरची सारी खबर तांड्यात पोचली होती.

आता शीला प्रत्येक फोटोखाली लिहिते, "शेवटचा आरसा तुम्हाला पाहून बसवला जाईल."

परवा एका बाईनं विचारलं, "मला वेळ नाही. तसाच बसवून पाठवाल का?"

"तिले सांग," गंगीबाई शीलाला म्हणाली, "मले वेळ हाये. सुई ओवून ठेवते."